बाराशे रुपयांत सात रात्री

मालवणात पर्यटनाचं पाणी मेअखेरीला बंद होतं ते ऑगस्ट सरेपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या वर ओढून झाकून ठेवतात, आणि माझ्यासारखी होडीवर राबणारी माणसं घरी बसतात. बायको एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करते. तिचं काम पावसात थांबत नाही, उलट लांबतं. दुकानदार गिऱ्हाईक नाही म्हणून रडतात, 'उद्या या' म्हणतात, आणि ती साडेआठशिवाय घरात पाऊल टाकत नाही. म्हणून पावसाळ्यात रात्रीचं जेवण माझ्याकडे. दुपार आईकडे असते आणि त्यात मी लक्ष घालत नाही. तिची पेज, तिचं लोणचं, तिची वेळ. मुलांचं दुपारचं शाळेत होतं. रात्री मात्र पाचही जणांची ताटं एकत्र मांडायची, हा आमच्याकडचा नियम.

२०२५ च्या जूनमध्येच खर्चाचा डोंगर झाला. मुलगी आठवीत गेली, धाकट्याचे बूट दोन नंबरांनी वाढले, मागच्या पडवीचे पत्रे बदलावे लागले. सीझनमध्ये साठवलेले पैसे ऑगस्टपर्यंतच्या आठवड्यांत वाटले आणि वीजबिल, सिलेंडर, मुलीची शिकवणी बाजूला काढली, तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी आठवड्याला बाराशे रुपये उरले. पाच माणसं, सात रात्री, म्हणजे पस्तीस ताटं. एका ताटाला चौतीस रुपये. मालवणात हॉटेलात तेवढ्यात सोलकढीची वाटी येते.

तांदळाची चिंता नव्हती, हे आधीच सांगतो. आमचं कार्ड प्राधान्य गटातलं. माणशी पाच किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशनचा तांदूळ आईला भातासाठी चालत नाही. तो दळून घावण्यांना आणि भाकरीला वापरायचा, जेवणाला उकडा तांदूळ घ्यायचा, अशी तिची वाटणी. उकडा दुपारच्या खात्यात जातो, म्हणून माझ्या बाराशेत धरला नाही. आई म्हणाली, ही चलाखी आहे. आहेच.

मी वही घेऊन बसलो आणि रविवार ते शनिवार असे रकाने पाडले, तशी ती हसायला लागली. "जेवाण काय लिवन ठेवतत?" म्हणाली. मग जरा वेळाने वहीत डोकावली आणि म्हणाली, "वार बघ आधी. मगे भाजी बघ."

हे तिचं म्हणणं मी जितका विचार करतो तितकं बरोबर वाटतं. घरोघर थोडाफार फरक असेल, पण आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी मासे नाहीत, अंडं नाही. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे आठवड्याचा अर्ध्याहून जास्त बेत कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वीच आखून ठेवलेला. मला फक्त तीन रात्री ठरवायच्या होत्या, आणि खर्चही त्या तीन रात्रींतच होतो. चार शाकाहारी रात्री मिळून चारशेच्या आत बसतात. पैसे खातात ते मासे आणि नारळ.

नारळाचं आधी सांगतो, कारण तिथेच आमच्यात वाद झाला. घराच्या मागे आमचे चार माड आहेत, तेव्हा नारळ फुकट, असं घरात सगळे धरून चालतात. मी नाही धरत. दुकानदार सोललेला नारळ तीस रुपयांनी घरून उचलतो आणि पस्तीस-चाळीसला विकतो. म्हणजे फोडलेला प्रत्येक नारळ म्हणजे तीस रुपये फोडले. शिवाय पावसात माड निसरडा, पाडेली चढत नाही आणि चढला तर दुप्पट मागतो. जून ते सप्टेंबर वाऱ्याने पडेल तेवढाच नारळ. म्हणून मी वहीत नारळाला तीस रुपये लावले आणि आठवड्याला चार, असं ठरवलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "नारळ मोजतंस? आता मीठय मोज."

पण मालवणी घरात नारळ मोजला नाही तर बाकी काय मोजायचं? आमटीला वाटप, उसळीला वाटप, भाजीवर खोबरं, वर सोलकढी. पाच जणांच्या घट्ट सोलकढीला एक अख्खा नारळ जातो आणि ती पोट भरत नाही. तेव्हा पहिला निर्णय असा की, सोलकढी आठवड्यातून एकदाच, मासळीच्या रात्री. बाकीच्या रात्री फुटी कढी: आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात घालून, मिरची-लसूण ठेचून, कोथिंबीर, मीठ. आगळ घरचं, मेमध्ये भरलेलं. धाकट्याला तर फुटी कढीच जास्त आवडते.

दुसरा निर्णय वाटपाचा. कच्च्या खोबऱ्याचं वाटप पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारू लागतं. कांदा-खोबरं लालसर भाजून केलेलं वाटप फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस नीट राहतं. फक्त फ्रीज चालू हवा, आणि पावसात आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही. वारा सुटला की गेली. म्हणून वाटप दिवसा, लाईट असेल तेव्हा करायचं. मिक्सर संध्याकाळी लावू म्हणणाऱ्याला पाट्यावर बसावं लागतं. मंगळवारी दुपारी एकदाच दोन नारळ भाजून वाटायचे, ते मंगळवारच्या वाटाण्यांना आणि बुधवारी लागेल तेवढं बुधवारी. शुक्रवारच्या मासळीला वाटप लागणारच नाही असं काहीतरी करायचं. उरलेले दोन नारळ किसून भाजीवर आणि एका सोलकढीला.

आता तो आठवडा. २०२५ ची आषाढी एकादशी रविवारी आली, ६ जुलैला, आणि माझा आठवडा नेमका त्याच रविवारी सुरू झाला. रविवार म्हणजे कोंबडी, ही मुलांची समजूत. घरात आई आणि बायको दोघींचा उपवास, मुलांना फराळापुरता. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते पोटाबद्दल म्हणतात. खिशाचंही तसंच आहे हे वहीत उतरल्यावर दिसलं. वरीचे तांदूळ अर्धा किलो, शेंगदाणे, बटाटे, दही, साजूक तूप. उपवास नसलेल्या कुठल्याही शाकाहारी रात्रीच्या दुप्पट पैसे गेले. साबुदाणा मी मुद्दामच घेतला नाही. खिचडीला दाणे आणि तूप बेसुमार लागतं, आणि ती जेमतेम एका वेळेला पुरते. वरीचा भात आणि दाण्याची आमटी केली. दाण्याच्या आमटीत दोन आमसुलं आणि थोडा गूळ घातला की ती जेवणासारखी लागते, फराळासारखी नाही. सोबत दारातल्या मांडवावरची काकडी, दह्यात. एकशे पासष्ट रुपये. शंभराच्या आत बसवायचं असेल तर दाणे मेमध्येच किलोने घेऊन ठेवायला हवेत. पावसात पावकिलोची पुडी दुकानदाराच्या सोयीची असते.

सोमवारी मालवणचा बाजार. आमच्याकडे पावसाळ्यात भाजी घाटावरून येते, बेळगाव नि कोल्हापूरकडून, आणि घाटात दरड आली किंवा पाऊस थांबेना झाला की कोथिंबिरीची जुडी हातात घ्यायला भीती वाटते. मी एवढंच ठरवलं होतं की घाटावरून आलेल्या भाजीला शंभर-दीडशेच्या वर हात लावायचा नाही. कांदे, लसूण, मिरच्या, अर्धा किलो टोमॅटो, एक जुडी कोथिंबीर. फ्लॉवर नाही, कोबी नाही, ढब्बू मिरची तर नाहीच. पावसात आपल्या परसात आणि रस्त्याच्या कडेला इतकं उगवतं की फ्लॉवर विकत घेणं मला गाढवपणाच वाटतो. बाजाराच्या कडेला गावातल्या बायका टोपलीत कुर्डू, भारंगी, अळू, काकड्या घेऊन बसतात. त्यांच्याकडे घासाघीस करायची नाही, हा माझा आणखी एक नियम. वहीतल्या हिशेबाशी त्याचा काही संबंध नाही.

रात्री कुळथाची पिठी. जिच्यावर कोकणातला पावसाळा निभावतो ती हीच, आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. शंभर ग्रॅम पीठ पाच जणांना पुरतं. लसूण-मिरची-कांद्याची फोडणी, पाणी, उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ ढवळत ओतायचं, आमसूल टाकायचं, दहा मिनिटांत उतरवायचं. गॅस वाचतो, नारळ लागत नाही, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना गरम भातावर पिठी असली की कुणी 'भाजी कुठेय' असं विचारत नाही. आमच्याकडे कुळीथ आजोळाहून येतात, आई ते भाजून गिरणीतून दळून आणते. विकतचं पीठ घेतलं तरी पाच ताटांचं पंधरा-वीस रुपयांत होतं.

त्या रात्री सोबत नीरफणसाची कापं होती. शेजारच्या काकूंच्या झाडाला जुलैत इतके नीरफणस लागतात की त्या हाक मारून देतात. दिलेल्या वस्तूची किंमत मी वहीत लावली नाही, पण फुकट असंही लिहिलं नाही. त्यांना बाटलीभर आगळ नेऊन दिलं. नीरफणसाच्या पातळ फोडींना हळद, मीठ, मालवणी मसाला आणि आगळ चोळायचं, अर्धा तास ठेवायचं, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायचं आणि तव्यावर थोड्या तेलात मंद तळायचं. तेल सढळ सोडायचा मोह होतो, पण झाकण ठेवून वाफेवर शिजू दिलं तर चार चमच्यांत भागतं. डोळे मिटून खाल्लं तर सुरमई, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. नीरफणस नीरफणसासारखा लागतो आणि तो चांगलाच लागतो. सुरमईचा भाव जुलैत ऐकायचाही नसतो, तेव्हा तिची आठवण न काढलेलीच बरी.

मंगळवारी काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि आंबोळ्या. वाटाणे सोमवारी रात्रीच भिजत घातले. हे वाटाणे हट्टी. पुरते भिजले नाहीत तर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या जातात आणि साल तरी कडक राहतं. १४.२ किलोच्या सिलेंडरमधला गॅस कुठे जातो ते इथे कळतं. आम्ही वाटाणे मागच्या चुलीवर लावतो, जिथे अंघोळीचं पाणी तापतं. नारळाची सोडणं आणि माडाची वाळलेली चुडतं मेमध्ये खोपीत रचून ठेवलेली असतात, पाणी तापून झालं की त्याच निखाऱ्यावर वाटाण्याचं पातेलं. तास-दीड तास लागतो, पण तो तास फुकट. पावकिलो वाटाणे पाच जणांना रात्री पुरून सकाळी आंबोळीबरोबर थोडे उरतात. अशी उरणारी गोष्ट वहीत मी वेगळ्या खुणेने दाखवली होती, कारण सकाळचा नाश्ता वाचला तर तो बायकोच्या खात्यातला फायदा, आणि तो तिला दाखवणं मला आवश्यक वाटलं.

आंबोळीचं पीठ पावसात फुगत नाही ही नेहमीची तक्रार. रेशनचा तांदूळ, उडीद, मेथी हे प्रमाण आईचं, मोजमाप मुठीचं. पीठ रात्री चुलीच्या बाजूच्या उबेत ठेवलं, वर जाड टॉवेल. सकाळी फुगलं होतं, संध्याकाळपर्यंत छान आंबट झालं. आंबोळ्या मुलीने घातल्या. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, आणि तिला ते माहीत आहे.

बुधवार. मुलांनी रविवारची कोंबडी बुधवारी मागितली होती. कोंबडी किलोला अडीचशेच्या आसपास, म्हणजे पाच जणांना रस्सा करून ताटाला पन्नास रुपये. चौतीसच्या हिशेबात हे बसतं, जर आधीच्या रात्री स्वस्त गेल्या असतील तर. पण उपवासाने ते पैसे खाल्ले होते. मी मुलांना वही दाखवली. धाकटा चौथीत आहे, त्याला वजाबाकी येते. तो म्हणाला, "म्हणजे विठोबाने आमची कोंबडी खाल्ली." आईने त्याला देव्हाऱ्यासमोर उभं केलं.

तर बुधवारी सुकं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा हंगाम म्हणून. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते, पण त्या समुद्रात त्या जाणार कशा? म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी: सुका बांगडा, बोंबील, जवळा, गोलमा (बारीक सुकी कोळंबी), जमलं तर सोडे. ही बेगमी एप्रिल-मेमध्ये केली तर पैसे वाचतात, जुलैत केली तर सुक्याचाही भाव ओल्यासारखा चढलेला असतो. आमचे सुके बांगडे मेमधले. पत्र्याच्या डब्यात, चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत. दमट हवेत सुक्याला बुरशी धरते, म्हणून पावसाने दोन तास उघडीप दिली की आई सगळं सोडून डबा अंगणात आणते, आणि मांजराला हाकलायला कुणीतरी बसतं. सोडे या वर्षी आम्ही घेतलेच नाहीत. मूठभर सोड्याच्या पैशांत आठवडाभराची डाळ येते.

गोलम्याची किसमूर केली. गोलमा तव्यावर कोरडा भाजायचा, चुरचुरीत होईपर्यंत, आणि चाळून त्यातली वाळू काढायची. ही पायरी गाळलेली जेवणात लगेच कळते. मग कच्चा कांदा बारीक, खोवलेला नारळ, तिखट, मीठ, आमसुलाचं पाणी, हाताने चुरून एकत्र. कालवून ठेवायची नाही. ताट वाढायच्या वेळी कालवायची, नाहीतर चिवट होते. साठ रुपयांचा गोलमा दोन वेळा होतो. सोबत निखाऱ्यावर भाजलेले सुके बांगडे, तांदळाची भाकरी, आणि मंगळवारच्या उरलेल्या वाटपात केलेली पातळ आमटी, आत फणसाच्या आठळ्या. आठळ्या मेमध्ये मातीत लोळवून वाळवलेल्या. त्या सोलायच्या कामाला धाकट्याला बसवलं, शिक्षेची भर म्हणून.

बायको त्या दिवशी नऊला आली, चिंब. "आज काय ओ?" म्हणाली. सुक्या बांगड्याचा वास गल्लीच्या तोंडाशीच पोचलेला असतो, पण विचारायची पद्धत आहे.

गुरुवारची रात्र चटकन सांगून मोकळा होतो. तूरडाळीचं वरण, भात, कुर्डूची भाजी. टाकळा तोवर जून होऊन चरचरीत झाला होता, कुर्डू अजून कोवळा होता. कुर्डू दहा रुपयांना टोपलीवालीकडून, वरून मूठभर खोबरं, सांडगी मिरची तळून. सत्तर रुपयांच्या आत. पौष्टिक, रुचकर, आणि मुलांनी नाक मुरडलं. पालेभाजी बघितली की ती मुरडायचीच, मग चौतीस रुपयांची असो की तीनशे चाळीसची.

शुक्रवारसाठी मी वहीत पदार्थ लिहिलाच नव्हता. फक्त लिहिलं होतं: मासळी, दोनशे. ही एक गोष्ट मला या सगळ्यातून खरोखर सापडली असं वाटतं. 'शुक्रवारी बांगड्याची आमटी' असं लिहून बाजारात गेलं की बांगडा कितीही असो, तुम्ही तो घेताच. मन आधीच त्या आमटीत बुडालेलं असतं. रक्कम लिहिली की मासा बाजार ठरवतो आणि तुम्ही फक्त ओळखायचा. बंदीच्या दिवसांत खाडीतलं थोडं येतं, गरीवर मिळालेलं येतं, पागून आणलेलं येतं. ते किलोने तोलत नाहीत, वाटे लावलेले असतात, आणि वाटा संध्याकाळी स्वस्त होतो.

मी साडेपाचला गेलो. दोनच बायका होत्या. एकीकडे शेवटे आणि काळुंदर हे खाडीतले मासे मिसळून लावलेले वाटे, दुसरीकडे थोडी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पण चारशेच्या खाली यायला ती तयार नव्हती. शेवट्यांचा वाटा अडीचशे. मी म्हटलं, "काकी, बांगडो काय मिळूचो नाय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला होडीवरचे पर्यटक आठवले. "बाबू, पावसात बांगडो खयसून हाडू? दोनशाक वाटो, घे नायतर सोड." पन्नास रुपये तिने स्वतःच उतरवले, मी मागितलेही नव्हते. पावसाने जोर धरला होता आणि तिला घरी जायचं होतं. कल्ल्याखाली लाल बघितलं, डोळे बघितले, घेतलं.

खाडीच्या माशाला वाटपाची गरज नसते. तिखलं केलं: मालवणी मसाला, हळद, आमसुलं, ठेचलेली तिरफळं, थोडं तेल, जेमतेम बुडेल एवढं पाणी. चमचा फिरवायचा नाही, भांडंच हलवायचं. काळुंदरात काटे फार, म्हणून ते मोठ्यांच्या ताटात, शेवटे मुलांना. आणि त्या रात्री आठवड्याची एकमेव घट्ट सोलकढी, अख्ख्या नारळाची. आई एरवी रात्री एक वाटी भात घेते, त्या दिवशी दुसऱ्यांदा घेतला, आणि नारळाबद्दल काही बोलली नाही.

शनिवारी मोड आलेल्या मुगांची उसळ आणि रेशनच्या तांदळाची घावणे. मूग गुरुवारी भिजवले होते, पावसात मोड यायला एक दिवस जास्त लागतो. मासळी शनिवारी शिळीही चालत नाही, म्हणून तिखल्याचा उरलेला रस मी सकाळी गपचूप भाताबरोबर संपवला. मारुतीला कळलं असेल तर त्याने अजून काही म्हटलेलं नाही.

हिशेब असा लागला: एकादशी एकशे पासष्ट, मासळी दोनशे, सुकं सगळं मिळून एकशे चाळीस, नारळ एकशे वीस, बाजारची भाजी आणि टोपलीवाल्यांचं मिळून एकशे नव्वद, कडधान्यं-डाळ-पिठी एकशे साठ, तेल पंच्याहत्तर, दळण आणि किरकोळ पन्नास. अकराशे रुपये झाले. मसाला धरला नाही, कारण तो एप्रिलमध्ये कांडून वर्षाचा भरलेला असतो आणि त्याचे पैसे तेव्हाच गेलेले असतात. धरला तर आणखी वीस-पंचवीस घाला.

शंभर उरले ते मी पुढच्या रविवारच्या कोंबडीत टाकले, कारण मुलांना वजाबाकी दाखवली होती तर बेरीजही दाखवायला हवी. त्या रविवारी कोंबडी-वडे झाले. वड्यांनी तेलाचा पार निकाल लावला, पण तो दुसऱ्या आठवड्याचा विषय.

त्यानंतर वहीत एक बदल केला. बायकोने सुचवला. प्रत्येक रात्रीसमोर पैशाबरोबर वेळ लिहायची: भिजवणं कधी, वाटप कधी, चूल कधी. तिचं म्हणणं, स्वस्त जेवण महाग पडतं ते आठवण न राहिल्यामुळे. वाटाणे भिजवायचे राहिले की माणूस अंडी-पाव आणतो. हे तिला तिच्या पिग्मीच्या पुस्तकातून सुचलं असावं, तिथे रक्कम आणि तारीख शेजारी शेजारी असतात. आता रात्री झोपताना मुलगी वही बघते आणि 'बाबा, मूग' एवढंच ओरडते.

पुढचे आठवडे वेगळे आहेत. २५ जुलैला श्रावण लागला की आईचे आणि बायकोचे मासे बंद, आणि एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाही हे मी जाहीर केलंय. म्हणजे १ ऑगस्टला बंदी उठून मासळी यायला लागेल, भाव हळूहळू खाली येतील, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यांच्या रापणी सुरू होतील, आणि आमच्या ताटात पिठी. रापण ओढायला हात लावला की वाटा मिळतो, तो मी नारळी पौर्णिमेनंतर आणणारच. मुलांना आणि मला तव्यावरचा एक तुकडा पडवीत बसून खाता येईल, असा तह आईशी चालू आहे.

खरी परीक्षा २७ ऑगस्टच्या चतुर्थीला. मुंबईहून दोन्ही भाऊ मुलाबाळांसह येतात, पाचाची चौदा ताटं होतात, आणि रात्री भजनी मंडळी आली की काळ्या वाटाण्यांची उसळ मोठ्या टोपात लागते. त्या आठवड्यात मालवणात वाटाण्यांचा भाव चढतो. म्हणून पाच किलो आत्ताच घेऊन डब्यात भरलेत, कडुनिंबाचा पाला घालून. नारळ मात्र चार आठवड्यांपासून एकही विकलेला नाही. पडेल तो खोपीत, गणपतीच्या नावाने.